हरभऱ्याला युरिया देण्याआधी मूळ खणून पाहा



रब्बीच्या तोंडावर जळगाव-धुळ्यात युरियाच्या टंचाईची ओरड होते. दुकानापुढे रांगा लागतात, युरियासोबत दुसरा माल गळ्यात मारण्याच्या, म्हणजे लिंकिंगच्या, तक्रारी येतात. ही ओरड खोटी नाही. गव्हाला, मक्याला, केळीला नत्र लागतेच. पण त्या रांगेतल्या काही गोण्या हरभऱ्यात जातात आणि तिथे त्यांचे काम नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. हरभऱ्याचे नत्र त्याच्या मुळावरच्या गाठींनी पुरवायचे असते. त्यासाठी बियाण्याला चोळायचे रायझोबियम जिवाणूचे संवर्धक मात्र अजून सोबत मिळाले तर मिळाले अशा थाटात हाताळले जाते. त्याचा पुरवठा, साठवण आणि तपासणी युरियाइतक्याच काटेकोरपणे झाली पाहिजे.

हरभऱ्याचा बेवड चांगला, हे खान्देशात कुणाला सांगावे लागत नाही. त्यामागचे कारण जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ या शास्त्रज्ञांनी 1888 साली सिद्ध केले. त्याच वर्षी हॉलंडच्या बायरिंकने गाठीतला जिवाणू वेगळा काढून दाखवला. हवेत 78 टक्के नत्र आहे, पण पिकाला ते थेट घेता येत नाही. गाठीतला जिवाणू त्याचा अमोनिया करून देतो आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतो. हा व्यवहार झाडाला महाग पडतो. म्हणून जमिनीत आयते नत्र भरपूर दिसले की झाड गाठी धरायचेच टाळते. हरभऱ्याची शिफारस हेक्टरी 25 किलो नत्र आणि 50 किलो स्फुरद अशी आहे ती याचसाठी: नत्र फक्त गाठी कामाला लागेपर्यंतचे, स्फुरद त्याच्या दुप्पट. फुलोऱ्याआधी पीक जरा पिवळट दिसले म्हणून वरून युरिया फेकला, तर जे शेतकऱ्याला फुकट मिळणार होते तेच आपण बंद पाडतो.

गाठी कामावर आहेत की नाहीत, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी झाड तपासावे, पण उपटू नये. काळ्या जमिनीत उपटले की गाठी तुटून मातीतच राहतात. कुदळीने ढेकळासकट खणावे, बादलीतल्या पाण्यात भिजू द्यावे, माती आपोआप सुटते. मग एक गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी-लालसर रंग असेल तर नत्र तयार होते आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या रंगद्रव्याच्याच जातकुळीतला आहे. प्राणवायूने बिघडणारे जिवाणूचे विकर तो सांभाळतो. आत पांढरी किंवा हिरवट गाठ म्हणजे काम बंद. आणि जो फुगवटा मुळाचाच भाग आहे, बोटाने अलग होत नाही, ती गाठ नव्हे. ते सूत्रकृमीचे काम.

यावर म्हटले जाते की तापीकाठी पिढ्यान्‌पिढ्या हरभरा होतो, जमिनीत जिवाणू असतातच, मग संवर्धकाचे पाकीट कशाला? जिथे दर दोन-तीन वर्षांनी हरभरा येतो तिथे हे बरेचसे खरे आहे आणि तिथे संवर्धकाचा फरक थोडाच दिसेल. पण मूग, उडीद, तूर, भुईमुगाचा जिवाणू हरभऱ्याला चालत नाही, त्याचा वेगळा. ज्या रानात वर्षानुवर्षे केळी किंवा कापसावर कापूस झाला, तिथे हरभऱ्याचा जिवाणू पुरेसा असेलच असे धरून चालता येत नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: ‘पाकीट लावले, काही फरक पडला नाही.’ हा अनुभव नाकारण्यात अर्थ नाही. पण पाकिटात असतो तो जिवंत जीव. जळगाव-भुसावळचा मे महिना 45 अंशांच्या घरात जातो. त्या उन्हाळ्यात पत्र्याखाली राहिलेले पाकीट ऑक्टोबरात बियाण्याला चोळले, तर ती बहुधा नुसती भुकटीच असते. बुरशीनाशक आधी आणि संवर्धक शेवटी, मग बी सावलीत सुकवून लगेच पेरणी, हा क्रम चुकला तरी तेच होते. दोष तिथे आहे, जिवाणूत नाही. तिसरे म्हणणे, 45 किलोची युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांत मिळते, मग एवढा खटाटोप का? गोणी स्वस्त आहे ती सरकारी अनुदानामुळे, आणि ती हरभऱ्यातून वाचली तर मक्याच्या कामी येते.

जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राचा जेएल-24 हा भुईमुगाचा वाण आफ्रिकेपर्यंत पोचला. बियाण्याच्या बाबतीत आपण एवढे जागरूक आहोत; त्याच्या मुळातल्या जिवाणूबाबत का नाही? 2006 पासून जिवाणू खते खत नियंत्रण आदेशाखाली आहेत आणि रायझोबियमच्या भुकटीत दर ग्रॅमला किमान 5 कोटी जिवंत जिवाणू असणे बंधनकारक आहे. दोन्ही जिल्ह्यांच्या कृषी विभागांनी हरभऱ्याच्या पेरणीआधी दुकानांतून पाकिटांचे नमुने उचलावेत आणि निकाल तालुकानिहाय वर्तमानपत्रात छापावेत. पेरणी उरकल्यावर आलेला अहवाल शेतकऱ्याच्या काहीच कामाचा नाही.

— एक शेतकरी वाचक, चोपडा (जि. जळगाव)