शब्दांची वाटचाल : श्रॉफ

द्रुतगती मार्गावरून लोणावळ्याकडे वळणारे वाहन कुसगावच्या टोलनाक्यावर थांबते व पैसे चुकते करून पुढे जाते. हाँगकाँगच्या वाहनतळांवर पैसे घेणाऱ्या अशाच खिडकीवर इंग्रजीत ‘श्रॉफ’ अशी पाटी असते. तेथे गेलेल्या व्यापाऱ्यास हे मालकाचे आडनाव वाटले, तर नवल नाही. वस्तुतः तो आपल्या पेठेतील सराफच होय.

मूळ अरबी ‘सर्राफ’ म्हणजे नाणी बदलून देणारा. शब्द फारसीतून हिंदुस्थानात रुळला; पोर्तुगिजांच्या तोंडी ‘स’चा ‘श’ झाला आणि इंग्रजांनी त्याचा ‘श्रॉफ’ केला. (कुसगावानजीकच्या कार्ले लेण्यात वैजयंतीच्या भूतपाल ‘सेठी’चा लेख आहे, त्यामानाने सराफ अगदी अलीकडचा पाहुणा.)

कंपनी सरकारने १८३५ साली एकसारखा रुपया चालू केला. तत्पूर्वी अंकुशी, चांदवडी, सुरती असे नाना रुपये बाजारात फिरत. प्रत्येकाचे वजन निराळे, चांदीचा कस निराळा. सराफ नाणे वाजवून पाही, घासून पाही आणि उणिवेपुरता बट्टा कापून घेई. नावाला लागतो तो बट्टा हाच. नाणी पारखण्याच्या मोबदल्यासही इंग्रजीने ‘श्रॉफेज’ असे नाव दिले.

पुढे हा शब्द इंग्रज व्यापाऱ्यांबरोबर चीनच्या बंदरांत पोहोचला आणि तेथे त्याची पायरी उतरली. पेढीचा धनी राहिला बाजूला. खोटे नाणे ओळखणारा नोकर म्हणजे श्रॉफ. १८८६ साली निघालेल्या यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात कँटनच्या शाळांचा उल्लेख आहे. शिष्यांच्या सरावासाठी तेथे खोटे डॉलर मुद्दाम जपून ठेवीत!

इंग्रजीने सराफाची नजर तेवढी उचलली, पत मागेच राहिली. दूरच्या शहरात हुंडी सकारली जाई ती पतीवर, नाण्याच्या नादावर नव्हे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे खऱ्याच्या जागी खोटे खपविणे, गणला आहे. सराफाची सारी विद्या याच्याच विरुद्ध उभी होती. परंतु कोशातल्या अर्थात व्रताला जागा नसते.

इंग्रजी बोलण्यातून ‘श्रॉफ’ आता जवळजवळ गेला आहे. तो उरला हाँगकाँगच्या खिडकीवर आणि आपल्याकडील आडनावांत. एका पाटीवर ‘सराफ’, दुसऱ्या पाटीवर ‘श्रॉफ’. धंदा मात्र मुळात एकच.