ताईशी कसं बोलायचं?

आमच्या संस्थेत कुणी साहेब नाही, सगळ्या ताई. याचा मला अभिमान होता. गेल्या महिन्यात हिशेब पाहताना दिसलं, एका कार्यकर्तीने चार महिने प्रवासखर्चच मागितला नव्हता. विचारलं तर म्हणाली, "ताई, तुमच्याजवळ पैशाचं कसं काढायचं?" मग हळूच दुसरं निघालं. संध्याकाळच्या बैठकीहून परतताना दोघेजण तिच्या मागे येत. तेही तिने पोटातच ठेवलं होतं.

राजस्थानात शासनाच्या कार्यक्रमात साथीन असलेल्या भंवरीदेवीने बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला, म्हणून १९९२ साली तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या अन्यायातून १९९७चा विशाखा निकाल आला, पुढे २०१३चा लैंगिक छळविरोधी कायदा. तो मी गावोगावी शिकवते, आणि माझीच कार्यकर्ती माझ्याशी बोलू धजत नाही!

'मोकळेपणाने सांगत जा' असं मी नेहमी म्हणे. पण तिच्या मानधनाच्या कागदावर सही माझी असते. बोलण्याची जोखीम तिचीच.

आता थकलेला खर्च दिलाय, संध्याकाळी दोघी जातात. मासिक बैठकीचा पहिला अर्धा तास पैसा, वेळ आणि भीती यांसाठी ठेवलाय. पहिल्या खेपेला त्यातली वीस मिनिटं मीच बोलले.