आज्ञावलीची गोडी

मनुष्याच्या अंगीं कोणता गुण दडून राहिला आहे, हें पुष्कळदां त्याचें त्यासच ठाऊक नसतें. योग्य वयांत योग्य साधन हातीं आलें, म्हणजे तो प्रकट होतो. संगणकासाठीं आज्ञावली लिहिण्याची, म्हणजेच प्रोग्रॅमिंगची, आवड अशीच उत्पन्न होते.

अमेरिकेंतील सिॲटल येथें लेकसाइड नांवाची शाळा आहे. १९६८ सालीं तेथील मातांच्या मंडळानें जुन्यापुराण्या वस्तूंची विक्री करून आलेल्या पैशांतून शाळेस एक टेलिटाइप यंत्र व दूरच्या संगणकावरील कांहीं तासांचा वेळ मिळवून दिला. तेथेंच तेरा वर्षांच्या बिल गेट्स यानें आपली पहिली आज्ञावली लिहिली. ती होती फुली-गोळ्याच्या खेळाची! फिनलंडांतील लिनस टोरवाल्ड्स यास हीच गोडी संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या आजोबांच्या लहानशा संगणकावर लागली. पुढें १९९१ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, त्यानें लिनक्स या प्रणालीचा पाया घातला.

लेकसाइड ही सधनांची शाळा होती, हें खरें. परंतु यंत्र नुसतें विकत घेऊन भागलें नसतें. मुलांस तें मोकळेपणीं हाताळूं दिलें, हें विशेष महत्त्वाचें होय.

या विद्येंतील खरा आनंद चूक शोधण्यांत आहे. १ पासून १०० पर्यंतच्या संख्यांची बेरीज करण्यास संगणकास सांगावें, आणि ५०५० च्या ऐवजीं उत्तर ४९५० यावें! यंत्राचा यांत दोष नसतो. ‘शंभरापर्यंत’ लिहावयाचें तेथें ‘शंभराच्या आंत’ असें लिहिलें गेलेलें असतें. ही चूक ज्या मुलानें वा मुलीनें स्वतः हुडकून काढली, त्यास पुढें या विषयाकडे ओढून न्यावें लागत नाहीं.

असें असतां, पुस्तकांतील आज्ञावली वहींत उतरवून घेणें व परीक्षेंत ती जशीच्या तशी लिहिणें, यास कित्येक ठिकाणीं शिक्षण समजतात! आतां तर विचारतांच यंत्रच आयती आज्ञावली लिहून देतें. ज्यास काम उरकावयाचें आहे त्यानें ती खुशाल घ्यावी. पण ज्यास शिकावयाचें आहे त्यानें आधीं स्वतः लिहावी, चुकावी व दुरुस्त करावी.

म्हणून शाळाचालकांस आमची नम्र विनंती आहे कीं, शाळा सुटल्यावर निदान एक तास तरी संगणकाच्या खोलीचें दार उघडें असावें. तेथें गुण नसावेत, परीक्षा नसावी. ज्यांच्या घरीं संगणक आहे, त्यांचें कसेंही निभेल. परंतु ज्यांच्या घरीं तो नाहीं, त्यांच्या अंगचा गुण त्या कुलुपाआड कायमचा राहून जाण्याचा संभव आहे. विद्यार्थिमित्रहो, तें दार उघडलें, तर आंत जाण्यास मात्र आळस करूं नका.