आईची रिटायरमेंट कधी?

गेल्या शनिवारी सकाळी नेहमीप्रमाणे चहा घेऊन आमची 'फायर'ची एक्सेल शीट उघडून बसलो होतो. शेजारी आई लेकीला नाचणीची खीर भरवत होती. "दर शनिवारी काय बघतोस रे त्यात?" मी उत्साहाने सांगितलं, "अगं, बेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून घरी बसता येतंय का ते बघतोय." तिने पुढचा चमचा भरला आणि म्हणाली, "बरंय की. मग मी कधी रिटायर व्हायचं?"

टोमणा नव्हता हो. खरंच विचारत होती. मला उत्तर देता आलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयटीत 'फायर' म्हटलं की पोटात गोळा येतो, पण इथे अर्थ वेगळा आहे: फायनान्शियल इंडिपेंडन्स, रिटायर अर्ली. वर्षाच्या खर्चाच्या २५ पट रक्कम साठवायची, गुंतवायची, दरवर्षी त्यातले ४ टक्के काढून खायचे आणि बॉसला रामराम ठोकायचा. हा ४ टक्क्यांचा हिशोब विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने १९९४ साली मांडला. त्यात शेअर आणि रोखे अमेरिकेतले, महागाई अमेरिकेतली आणि निवृत्ती ३० वर्षांची. आपल्याला बेचाळिशीपासून पुढची ४०-४५ वर्षं काढायचीत. शिवाय पोरांच्या शाळा. फी वर्षाला १० टक्क्यांनी वाढली तर सव्वासात वर्षांत दुप्पट होते, म्हणजे बालवाडी ते बारावी चौपट. पण यावर भांडणारे बरेच आहेत. माझं भांडण वेगळं आहे.

माझं म्हणणं असं की, मुलं असलेल्या आमच्यासारख्या बऱ्याच जोडप्यांचा सेव्हिंग रेट खोटा आहे.

आमचंच घ्या. मी २९ चा, बायकोही आयटीत. दोघांचे मिळून हातात येतात २ लाख २० हजार, खर्च १ लाख. उरलेले १ लाख २० हजार थेट गुंतवणुकीत. चौपन्न टक्के! मित्रांमध्ये कॉलर ताठ. "अडीच वर्षांची पोरगी असून एवढं कसं जमवता रे?" असं कुणी विचारलं की मी बजेटिंगवर लेक्चर द्यायचो. च्यायला, बजेटिंग कसलं! बायकोची रजा संपली त्या आठवड्यात आई सांगलीहून पुण्याला आली, ती अजून इथेच आहे. सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसात पोरगी तिच्या अंगावर. गुडघे दुखतात, तरी पार्किंगमध्ये पोरीच्या मागे धावते. तिची भिशी, तिचं भजनी मंडळ सगळं सुटलं. बाबा तिकडे एकटे, दोन वेळा डबा लावलाय. पस्तीस वर्षं नोकरी करून ते रिटायर झाले आणि वर्षभरात त्यांची बायको आम्ही पळवली.

हे आमच्या एक्सेलमध्ये कुठल्या ओळीत आहे? कुठल्याच नाही. किंमत शून्य.

आता फायरवाले मित्र म्हणतील, "अरे, आजीला नातीचा आनंदच असतो!" असतोच की. पण आनंद आणि साडेअकरा तासांची ड्युटी यात फरक आहे. आनंदासाठी आलेली आजी कंटाळा आला की सांगलीची गाडी पकडू शकते. माझ्या आईला कोल्हापूरला भाचीच्या लग्नाला जायचं होतं, तर आमचं रिलीज म्हणून ती थांबली. तिने रजा मागितली नाही आणि आम्ही दिली नाही. आमचा मॅनेजर असा वागला असता तर आम्ही त्याच्या नावाने किती बोटं मोडली असती?

म्हणून त्याच शनिवारी शीटमध्ये एक ओळ वाढवली. सोसायटीजवळचं पाळणाघर आणि संध्याकाळी आम्ही येईपर्यंत पोरीला सांभाळायला एक मावशी, मिळून महिना ३० हजार. पोरगी मोठी होईपर्यंत आठ वर्षं धरली. आजवरची शिल्लक ३० लाख, लक्ष्य आजच्या किमतीत ३ कोटी, महागाई वजा करून परतावा ५ टक्के, पगारवाढ शून्य. मला वाटलं, तारीख पार पन्नाशीच्या पलीकडे जाणार.

आधी साडेबारा वर्षं लागत होती. आता सव्वाचौदा. पावणेदोन वर्षांचासुद्धा फरक नाही!

मी फॉर्म्युले दोनदा तपासले. एवढ्यासाठी आम्ही आईची आठ वर्षं घ्यायला निघालो होतो. साठी उलटल्यानंतरची आठ वर्षं, गुडघे थोडेफार साथ देतात तोवरची. त्यातून बेचाळिशीत मी घरी बसेन तेव्हा पोरगी पंधरा वर्षांची. ती काय "बाबा, खेळायला चला" म्हणणार आहे? खोलीचं दार लावून बसेल. तिला मी आत्ता हवाय, आणि आत्ता मी घरी असतो तेव्हा शीट बघत असतो.

पैसे साठवू नका असं मी म्हणत नाहीये. चाळिशीनंतर आयटीत काय होतं ते आपण बघतोय. नोकरी गेली तर वर्ष-दोन वर्षं घर चालेल एवढी सोय हवीच. पण "माझ्या वेळेवर माझा हक्क" असं म्हणणाऱ्याने दुसऱ्याचा वेळ फुकट वापरायचा, याला स्वातंत्र्य म्हणवत नाही मला.

आणि एक. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय असलीच पाहिजे, असं २०१७ सालीच कायद्यात आलं. आम्ही इंडेक्स फंडाच्या ०.१ टक्का खर्चावरून रात्र-रात्र वाद घालतो, पण "आपलं पाळणाघर कुठाय?" असं एचआरला एकानेही विचारलं नव्हतं. मीही नाही. सोमवारी मेल टाकली. सहा दिवस झाले, उत्तर नाही. पुन्हा टाकणार.

असो. एक तारखेपासून पोरगी पाळणाघरात जाणार. आईला सांगितलं तेव्हा वाटलं, खूश होईल. ती गप्पच बसली. मग म्हणाली, "भात मऊ लागतो तिला. सांगून ठेवा त्यांना." रात्री फोनवर बाबांना मात्र सांगत होती, डबा महिनाअखेरीस बंद करा म्हणून.