संघमालकांचा अधिकार कुठवर?

८ मे २०२४ रोजी हैदराबाद येथे झालेल्या सामन्यात सनरायझर्स हैदराबादने लखनौ सुपर जायंट्सचे १६६ धावांचे आव्हान अवघ्या ९.४ षटकांत आणि एकही गडी न गमावता पार केले. मात्र सामन्यानंतर या विजयापेक्षा अधिक चर्चा झाली ती मैदानावरील एका दृश्याची. लखनौचे मालक संजीव गोयंका कर्णधार के. एल. राहुलशी हातवारे करीत बोलत असल्याचे दूरचित्रवाणीवर सर्वांनी पाहिले. शब्द ऐकू आले नाहीत, तरी हजारो प्रेक्षकांसमोर कर्णधाराला जाब विचारला जात असल्याची भावना सर्वत्र व्यक्त झाली. काही दिवसांनी गोयंका यांनी राहुलला घरी भोजनास बोलावले. परंतु त्याच वर्षीच्या लिलावापूर्वी दोघांचे मार्ग वेगळे झाले. लखनौने ऋषभ पंतसाठी २७ कोटी रुपये मोजले आणि त्याला कर्णधार केले. २०२४ मध्ये सातव्या स्थानी राहिलेला हा संघ २०२५ मध्येही सातव्याच स्थानी राहिला.

या घटनेने इंडियन प्रीमियर लीगमधील, अर्थात आयपीएलमधील एक जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. संघाच्या निर्णयांत मालकाने किती लक्ष घालावे?

मालकांची बाजू दुर्लक्षिता येण्याजोगी नाही. लखनौ संघाच्या हक्कांसाठी २०२१ मध्ये गोयंका यांच्या उद्योगसमूहाने ७,०९० कोटी रुपयांची बोली लावली होती. एवढी गुंतवणूक करणाऱ्याने केवळ प्रेक्षागृहात बसून टाळ्या वाजवाव्यात, ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही. प्रशिक्षक कोण असावा, लिलावात किती रक्कम खर्च करावी, कर्णधारपद कोणाकडे द्यावे, हे प्रश्न अखेरीस मालकापर्यंत पोहोचणारच.

आश्रयदात्याने संघ चालवण्याचा प्रकार भारतीय क्रिकेटला नवा नाही. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात भारताचे नेतृत्व विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे होते. ते त्यांच्याकडे आले ते खेळातील गुणवत्तेमुळे नव्हे, तर संपत्ती आणि प्रतिष्ठेमुळे. तीन कसोटी सामन्यांत मिळून त्यांनी ३३ धावा केल्या. याच दौऱ्यात लाला अमरनाथ यांना बेशिस्तीच्या आरोपावरून पहिल्या कसोटीपूर्वीच मायदेशी परत पाठवण्यात आले. नंतर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमाँट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अमरनाथ यांना निर्दोष ठरवले. तोवर दौरा संपला होता आणि भारत मालिका हरला होता.

आयपीएलच्या पहिल्याच वर्षी, २००८ मध्ये, बंगळुरू संघाचे मालक विजय मल्ल्या यांनी अपयशाचे खापर कर्णधार राहुल द्रविडच्या संघनिवडीवर जाहीरपणे फोडले आणि हंगाम सुरू असतानाच मुख्य कार्यकारी अधिकारी चारू शर्मा यांना पद सोडावे लागले. आठ संघांत बंगळुरूचा क्रमांक सातवा लागला.

याउलट उदाहरण कोलकात्याचे आहे. २०११ च्या लिलावापूर्वी कोलकाता नाइट रायडर्सने सौरव गांगुलीला संघात न ठेवण्याचा निर्णय घेतला. गांगुलीच्याच शहरात हा निर्णय अप्रिय ठरणार, हे उघड होते. गौतम गंभीरला २४ लाख डॉलर मोजून घेण्यात आले आणि संघाची धुरा त्याच्याकडे सोपवण्यात आली. क्रिकेटविषयक निर्णयांत मालक शाहरुख खान यांनी ढवळाढवळ केली नाही, असे गंभीरने पुढे अनेकदा सांगितले. त्याच्या नेतृत्वाखाली कोलकात्याने २०१२ आणि २०१४ मध्ये विजेतेपद पटकावले. मालकांनी येथेही हस्तक्षेप केला, कदाचित सर्वांत मोठा. पण तो हंगामापूर्वी केला आणि त्यानंतर ते बाजूला झाले.

केवळ निकालावरून मात्र या प्रश्नाचा निवाडा करता येत नाही. २०१७ च्या हंगामापूर्वी गोयंका यांच्याच पुणे संघाने महेंद्रसिंह धोनीला कर्णधारपदावरून दूर करून स्टीव्ह स्मिथला नेमले. त्यावर मोठी टीका झाली; परंतु आदल्या वर्षी सातवा आलेला हा संघ थेट अंतिम सामन्यात पोहोचला आणि मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरला. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सने पाच विजेतेपदे मिळवून देणाऱ्या रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याला आणले. पुढील हंगामात मुंबईच्याच प्रेक्षकांनी वानखेडे मैदानावर आपल्या नव्या कर्णधाराची हुर्यो उडवली आणि संघ तळाला गेला. दोन्ही निर्णय व्यवस्थापनाच्या अधिकारातील होते. एक फळला, दुसरा त्या वर्षी फसला.

म्हणूनच खरा प्रश्न हस्तक्षेप किती, हा नसून त्याची जबाबदारी कोणावर, हा आहे. मालक खेळाडूला काढू शकतो, मालकाला कोणी काढू शकत नाही. अकरा खेळाडूंची निवड मालकाने करावी आणि पराभवाचा जाब मात्र कर्णधाराने द्यावा, ही विभागणी न्याय्य म्हणता येणार नाही.

या प्रश्नाला सचोटीचीही बाजू आहे. २०१३ च्या सट्टेबाजी प्रकरणात गुरुनाथ मय्यप्पन हे चेन्नई सुपर किंग्जचे पदाधिकारी नसून केवळ क्रिकेटप्रेमी आहेत, असा बचाव करण्यात आला होता. मुद्गल समितीने तो अमान्य केला आणि जुलै २०१५ मध्ये लोढा समितीने चेन्नई व राजस्थान या संघांना दोन वर्षांसाठी निलंबित केले. संघात वावरणाऱ्या व्यक्तीचे नेमके पद कागदावर असणे किती आवश्यक आहे, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले.

आता हा विषय आयपीएलपुरताही राहिलेला नाही. मुंबई आणि लखनौच्या मालकांचे संघ दक्षिण आफ्रिकेतील लीगमध्येही खेळतात. मुंबईच्या मालकांचे जाळे अमेरिका आणि संयुक्त अरब अमिरातीपर्यंत पसरले आहे. एका देशात मालकाची मर्जी गमावलेल्या परदेशी खेळाडूला दुसऱ्या देशातील संधीही गमवावी लागू शकते. नामांकित खेळाडूला दुसरा संघ मिळतो, राहुललाही दिल्लीने १४ कोटींना घेतले. किमान बोलीवर निवडल्या गेलेल्या नवोदिताला तशी खात्री नसते.

जर्मनीतील फुटबॉल लीगने नियम करून क्लबमधील बहुसंख्य मताधिकार सभासदांकडे राखला आहे. भारतातील संघ मुळातच खासगी मालकीचे असल्याने ती व्यवस्था येथे जशीच्या तशी लागू होणार नाही. तरीही भारतीय क्रिकेट नियामक मंडळाला करारातच काही मर्यादा घालून देता येतील. प्रशिक्षक आणि कर्णधाराची नेमणूक मालकाची असावी, सामन्यातील अकरा खेळाडू ठरवण्याचा अधिकार त्या दोघांचा असावा, आणि हंगामाचा हिशेब बंद दाराआड मागितला जावा.

सीमारेषेच्या आत पराभव झाला तर तो खेळाडूंचा असतो. त्या आत कोणाला, कोणत्या अटींवर पाठवले, याचे उत्तर देणे हे मालकाचे काम आहे. राहुलला हैदराबादच्या मैदानावर विचारलेला जाब कदाचित योग्यही असेल. त्याची जागा मात्र ती नव्हती.