युरियाची गोणी आणि आपल्या घरातली लग्नं

पाऊस लागला की पुलगावच्या कृषी केंद्रांसमोर युरियासाठी रांगा लागतात. त्या ४५ किलोच्या गोणीत जे असते तेच आपले यकृतही रोज बनवते, असे रांगेतल्या कुणाला सांगितले तर तो हसेल. मीही हसलो असतो. माझ्या फुफीच्या मुलीची बाळं गेली म्हणून मला हे कळले.

पहिली मुलगी. चांगली गुटगुटीत जन्मली. कानात अज़ान झाली, मिठाई वाटली. दुसऱ्या दिवशी दूध ओढेना, सुस्त पडली, धाप लागली. तिसऱ्या दिवशी झटके आले आणि गेली. डॉक्टर म्हणाले जंतुसंसर्ग, घरच्या बायका म्हणाल्या नजर. दोन वर्षांनी मुलगा झाला, तोही तसाच गेला. मग बोटे सुनेकडे वळली. तिचे दूधच विषारी, इथपर्यंत बोलणे गेले. नागपूरच्या एका डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारले, ‘नवरा-बायको नात्यातले का?’ होते. नवरा तिचा सख्खा मामेभाऊ. ‘बाळांचा अमोनिया तपासला होता?’ नव्हता.

दूध असो, डाळ असो की मटण, त्यातली प्रथिने मोडली की नायट्रोजन उरतो. त्याचा अमोनिया होतो आणि तो मेंदूला घातक असतो. मासा तो सरळ पाण्यात सोडून देतो. आपल्याला ती सोय नाही. आपले यकृत त्याचा युरिया करते आणि मूत्रपिंडे तो लघवीवाटे टाकतात. हे चक्र हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये जर्मनीत शोधले. त्यातले एखादे विकर जन्मतःच नसेल तर अमोनिया साचत जातो. पोटात असताना बाळाचा अमोनिया आईचे शरीर काढून टाकते, म्हणून बाळ जन्मताना ठणठणीत दिसते. दोष आईच्या दुधाचा नाही; दुसरे कुठलेही दूध पाजले असते तरी हेच झाले असते.

हे आजार दुर्मिळ आहेत, जगात सुमारे ३५ हजार जन्मांमागे एक असा अंदाज आहे. बहुतेक प्रकारांत आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक यावे लागते, आणि मग प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका असतो. सख्ख्या चुलत-मामे भावंडांची साधारण एक अष्टमांश जनुके सारखी असतात, तिथे असे दोन जनुक गाठ पडणे सोपे जाते. एक प्रकार मात्र एक्स गुणसूत्रावरचा आहे. तो बहुधा आईकडून मुलाकडे येतो, त्याला नात्यातले लग्न लागत नाही.

‘आपल्यात चालतं,’ असे म्हणून आपण विषय संपवतो. सूरह निसाच्या २३व्या आयतीत ज्या नात्यांशी निकाह हराम आहे त्यांत ही भावंडे नाहीत, हे खरे. पण परवानगी म्हणजे हुकूम नव्हे. आणि केवळ मुसलमानांकडे बोट दाखवणाऱ्यांनी मामाची मुलगी करणारी आपल्याच गावातली घरे आठवावीत. मी बंदी मागत नाही. त्याच दोन घरांत पिढ्यान् पिढ्या सोयरीक होत असेल आणि कुणाचे बाळ असे अचानक गेले असेल, तर रिश्ता पक्का करण्याआधी चौकशी करा, एवढेच म्हणतो.

डॉक्टरांकडेही एक मागणे आहे. सुस्त नवजात बाळाला प्रतिजैविके जरूर द्या, पण अमोनियाही तपासा. नमुना बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत न्यावा लागतो, हीच काय ती अडचण. सेवाग्राम आणि सावंगी, दोन वैद्यकीय महाविद्यालये आपल्याच जिल्ह्यात आहेत. वेळेत कळले तर दिवस-दोन दिवस प्रथिने बंद करून ग्लुकोज देतात, गरज पडल्यास डायलिसिस करतात. सोडियम बेंझोएटही देतात, शरबत-लोणची टिकवायला वापरतात तेच. ते नायट्रोजनला लघवीतून बाहेर पडायची दुसरी वाट करून देते. गोव्याने २००८ मध्ये नवजात बाळांच्या टाचेतले रक्त तपासण्याची सरकारी योजना सुरू केली होती. या आजारातले काही प्रकार अशा तपासणीत निसटतात किंवा अहवाल यायच्या आतच बाळ अत्यवस्थ होते, म्हणून अमोनियाच्या तपासणीचा आग्रह.

गेल्या महिन्यात दोघा नवरा-बायकोंनी जनुकीय तपासणीसाठी रक्त दिले. ‘मला काय झालंय?’ म्हणत भाऊ आधी तयारच नव्हता. अहवाल यायचा आहे. इकडे चाची धाकट्यासाठी मुलगी बघतेय, फुफीच्याच घरातली.