खोटे बोलायला लावतो कोण?

थोर कलावंताची अखेरची कृती म्हणजे जणू त्याचे मृत्युपत्र असावे, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. तीत जीवनाचे सार असावे, मृत्यूचे चिंतन असावे, निदान निरोपाचा गहिवर तरी असावा. हृषिकेश मुखर्जी यांनी ही अपेक्षा हसतहसत बाजूला सारली. मृत्यूला सामोरे जाणाऱ्या माणसाचा ‘आनंद’ त्यांनी १९७१ मध्येच देऊन ठेवला होता. १९९८ साली, वयाच्या ७६व्या वर्षी, त्यांनी जो शेवटचा चित्रपट दिला तो म्हणजे ‘झूठ बोले कौवा काटे’. एक थापाड्या तरुण, त्याच्या मनात भरलेली मुलगी आणि असत्याचा विलक्षण तिटकारा असलेला तिचा करारी बाप, यांची ही हलकीफुलकी प्रेमकथा. अनिल कपूर, जुही चावला, अमरीश पुरी आणि आपल्या रीमा लागू अशी त्यातील नटमंडळी. त्यानंतर २००६ मध्ये मुंबईत निधन होईपर्यंत हृषिदांनी दुसरा चित्रपट केला नाही.

या चित्रपटाचे फारसे कौतुक झाले नाही, आणि ते अगदीच अन्यायाचे होते असेही म्हणता येणार नाही. ‘गोलमाल’ची सहजता त्यात नाही, विनोद जागोजागी ताणलेला आहे. परंतु कृती उणी ठरली म्हणून तिच्यातील प्रश्नही उणा ठरत नाही. हृषिदा चित्रपटांत येण्यापूर्वी काही काळ गणित आणि विज्ञान शिकवीत असत. एकच गणित निरनिराळ्या रीतींनी सोडवून दाखविण्याची शिक्षकाची हौस त्यांच्या विनोदी चित्रपटांत अखेरपर्यंत टिकली. माणूस खोटे का बोलतो, हे ते गणित.

‘गोलमाल’मधील (१९७९) रामप्रसाद लबाड नाही, तो नोकरीचा गरजू आहे. मिशी नसलेल्या माणसाला चारित्र्य नसते, असे मानणारा मालक समोर बसला आहे, म्हणून त्याला सोंग घ्यावे लागते. हॉकीचा सामना पाहायला जायचे आहे, हे सांगण्याची सोय नाही, म्हणून आईचे निमित्त पुढे करावे लागते. ‘खूबसूरत’मध्ये (१९८०) आईच्या शिस्तीखाली दबलेले घर तिच्या पाठीमागेच मोकळे हसते. अखेरच्या चित्रपटातही थाप जन्मते ती कठोर उंबरठ्यासमोरच. जेथे खऱ्याला प्रवेश नाही तेथे खोटे मागील दाराने शिरते, एवढेच हृषिदांचे सांगणे.

धाराशिव तालुक्यातील आमच्या बेंबळीत बसून हा चित्रपट आठवला, की तो पडद्यापुरता राहत नाही. आज मराठवाड्याच्या खेड्यांत शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणे कठीण झाले आहे. ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला ‘शेती’ हे खरे उत्तर दिले की बोलणी तेथेच खुंटतात. मग पुण्यातील कंत्राटी काम ‘कायमची नोकरी’ होते, भाड्याची खोली ‘स्वतःचा फ्लॅट’ होते आणि भावाभावांतील सामाईक सात-बारा एकट्याच्या नावावर सांगितला जातो. लग्नापुरतेच कशाला? मुलाच्या शाळेतील स्नेहसंमेलनाला जायचे आहे, हे कारण साहेबांना पटणारे नसते, म्हणून कारकून रजेच्या अर्जात ‘प्रकृती अस्वास्थ्य’ लिहितो. गणित समजले नाही असे म्हटले तर वर्गात हसे होईल, म्हणून विद्यार्थी ‘वही घरी राहिली’ म्हणतो. त्याला शिक्षा करणाऱ्या गुरुजींनी हसे कोण करतो, हेही एकदा पाहिले पाहिजे.

कोणी विचारील, मग असत्याचे समर्थन करायचे काय? मुळीच नाही. खोट्या नोकरीवर जमलेल्या लग्नात एखाद्या मुलीच्या आयुष्याची माती होते. त्या फसवणुकीला हसण्यावारी नेता येत नाही. दुर्बळाने आपला बचाव करण्यासाठी मारलेली थाप निराळी आणि दुसऱ्याचा बळी देणारी लबाडी निराळी. तरीही त्या लबाडीचा दोष फसविणाराच्या पदरात घालून आपण मोकळे होऊ शकत नाही. शेतकऱ्याच्या पोराला जावई म्हणून नाकारणारे, त्यांत स्वतः शेतकरी असलेले बापही आले, या व्यवहाराचे भागीदार आहेत. मुलीच्या भविष्याची त्यांना वाटणारी चिंता खरी आहे. पावसावर आणि बाजारभावावर टांगलेल्या संसाराची धास्ती त्यांनी भोगलेली असते. परंतु ती धास्ती उघड बोलली गेली, सोयाबीनचे उत्पन्न आणि डोक्यावरचे कर्ज दोन्ही समोर ठेवून बोलणी झाली, तर निदान नकार तरी खरा असेल आणि होकारही.

हृषिदांच्या विनोदातील शहाणपण येथे आहे. ‘गोलमाल’च्या शेवटी मिशी उतरते ती तरुणाची नव्हे, मालकाची. बदलायचे असते ते सत्ता ज्याच्या हाती आहे त्याने. म्हाताऱ्या दिग्दर्शकाने जाताजाता उपदेशाचे बोट तरुणांकडे रोखले नाही. तो आपल्याच वयाच्या माणसांकडे पाहून हसला. आपल्या घरी, वर्गात आणि कचेरीत खरे बोलणाऱ्याचे काय होते, हे वडीलधाऱ्यांनी एकदा तपासून पाहावे. मुलांच्या खोटेपणाचा न्याय त्यानंतर करावा.